गुलाबी तळ्यातलं पांढरं पाणी

तळं दिसायच्या आधी त्याचा वास आला. फिनेल टाकून धुतलेला संडास, जळकं डिझेल आणि परवाची उकडलेली कणसं, तिन्ही एका पातेल्यात शिजवल्यावर येईल तसा. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादच्या रस्त्याला लागून पडेगाव मागं पडलं की पूर्वी माझ्या नाकाला एकच काम असायचं. ओल्या गाळाचा वास हुंगायचा आणि सांगायचं, घर आलं. आता त्याच नाकावर मी रुमाल बांधून बसलो होतो. रिक्षावाला म्हणाला, "काका, हितंच उतरा. पुढं नेली की माझं पेट्रोल नासतं." हे तो खरंच म्हणाला, की मी मागून त्याच्या तोंडात घातलं, ते आता सांगता यायचं नाही. पण नासलं असतं.

शेजारी आक्का बसली होती. माझी थोरली बहीण. मांडीवर सुरतेहून आणलेला भोपळा, पायाशी बॅग. दाजींचं आजारपण लांबत गेलं आणि तिला कितीतरी वर्षं माहेर दिसलं नाही. दाजी गेले, आणि ह्या हिवाळ्यात ती एकटीच गाडीत बसून आली. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी बॅग उचलली, म्हणालो, चल, घरी भाकरी थापून वाट बघतेत. ती म्हणाली, "घर मागनं. आधी तळं."

आमच्या घरात ही रीत आहे. आजाच्या काळी आमच्या वस्तीतल्या माणसानं तळ्याच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, पाण्याला हात लावायचा नाही, असं होतं. वरून कुणी ओतलं तर खाली ओंजळ धरायची, नाही ओतलं तर रिकामी घागर घेऊन परतायचं. मग वस्तीनं बुद्धाची वाट धरली, आणि एका सकाळी आजा पायऱ्या उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि एक ओंजळ प्याला. पुढं काय झालं, कोण आडवं आलं, कोण नाही, ते मी सांगत नाही. मला ते ठाऊक नाही. जिथं मला ठाऊक नसतं तिथं मी एरवी जास्तच बोलतो, पण ह्या एका ठिकाणी नाही. एवढं खरं की त्या दिवसापासून परगावाहून आलेल्या लेकीनं आधी पायऱ्या उतरायच्या, एक ओंजळ प्यायची, आणि मगच उंबरा ओलांडायचा. आजा म्हणायचा, हक्क वापरात राहिला पाहिजे, नाहीतर पोहऱ्याच्या दोरासारखा लटकल्या जागी कुजतो.

तळ्याला कुंपण पडलंय, आत कुणा मालदार माणसानं 'ट्रॉपिकल लगून' नावाचं बोटिंगचं ठिकाण काढलंय, पाण्यात रंग कालवलेत, हे मी आक्काला फोनवर सांगितलं नव्हतं असं नाही. पण मी जे सांगतो त्यातलं ती चार आण्याचं धरते आणि बारा आण्याचं सोडून देते. माझी सवय तिला बाळपणापासून माहीत. त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा मी अक्षर न अक्षर खरं बोललो, आणि नेमकं तेच तिनं बारा आण्यात टाकलं.

म्हणून मी बंदोबस्त करून आलो होतो. सुरतेच्या डॉक्टरनं तिला किडनीचं सांगून पाणी उकळूनच प्यायला लावलंय. ती ह्या डबक्यातली ओंजळ प्याली असती तर घरी भोपळा तेवढा पोचला असता. तेव्हा माझ्या कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, आमच्या धाकट्या चुलत्याचा, नानाचा जुना पितळी तांब्या होता. आत घरच्या फिल्टरचं पाणी, वर घट्ट झाकण. बोटीतून वाकायचं, तांब्या बुडवल्यासारखं करायचं, आणि तिच्या ओंजळीत ओतायचं. रीतही राहील, बहीणही राहील. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की वासही जरा कमी येत होता.

गेटावर फायबरचा डॉल्फिन उभा होता. मराठवाड्यात समुद्र नाही, हे दुःख त्याच्या थोबाडावर स्वच्छ दिसत होतं. पाळीवरच्या बाभळी गेल्या होत्या, त्या जागी प्लास्टिकची नारळाची झाडं. एका झावळीवर खरा कावळा बसला होता आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मान वळवून वळवून पाहत होता. पाण्याजवळ पायी जायला मनाई, बोटीतूनच जायचं. मग बोटीसाठी नारंगी जाकिटं. माझ्या आधी ते जाकीट घातलेल्या माणसानं सकाळी काय खाल्लं होतं तेसुद्धा मला वासावरून कळलं. मिसळ. कांदा जास्त.

आक्कानं जाकिटाकडं पाहिलं आणि ते भोपळ्याला घातलं. "ह्यो बुडंल. मला पवता येतं."

बोटीला गवताच्या छपरासारखं प्लास्टिकचं छप्पर होतं. आमच्याबरोबर एक नवं जोडपं आणि वेफर्सची पाकिटं घेतलेलं एक कुटुंब. पुढं माइक धरून गाईड. चाळिशीचा, सुटलेल्या पोटावर फुलाफुलांचा शर्ट, काळा गॉगल, खिशावर 'कॅप्टन'. इंजिन खोकललं, आणि तो सुरू झाला.

"वेलकम फ्रेंड्स. डाव्या हाताला आपला फिरोजी झोन, मधी गुलाबी, पलीकडं हिरवा. हे पाणी जमिनीच्या खालनं थेट समुद्रातनं येतं. सगळं नॅचरल हाय."

"कोणच्या समुद्रातनं?" आक्कानं विचारलं.

"अरबी, मावशी."

"मग खारं असंल."

"नाय नाय. येता येता फिल्टर होतं."

मला किळस आली ती इथून. पाण्याची आली होतीच, ही वेगळी. खोटं बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या घराची रोजीरोटी सोडली तर बाकी सगळं त्यावरच चाललंय. पण खोट्याला काही चव पाहिजे, काही मेहनत पाहिजे. हे म्हणजे शिळ्या भाताला रंग लावून बिर्याणी म्हणून वाढणं. रंगांच्या मध्ये दोऱ्यांना बांधलेले थर्माकोलचे गोळे तरंगत होते, आणि त्या दोऱ्यांना न जुमानता फिरोजी गुलाबीत घुसला होता, गुलाबी हिरव्यात. जिथं तिन्ही मिळाले होते तिथं धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी उरतो तो रंग झाला होता. त्यावर फेस, फेसावर एक चप्पल, चपलेवर एक बेडूक. बेडकाचा अर्धा भाग गुलाबी होता.

ह्याच तळ्यावर आमचीही नाव होती. नाव कसली, काहील. ऊस गाळल्यावर रस आटवायची ती परातीसारखी भलीमोठी लोखंडी कढई. पाळीपलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळ चालायचं, आणि गूळ संपला की ती काहील वर्षभर पालथी पडलेली असायची. नाना त्या गुऱ्हाळात चुलवणावर जाळ घालायचा. त्यानं ती मागून घेतली, सुलटी केली आणि पाण्यात लोटली. दगडी पायऱ्यांवरून घसरत जाताना ती खर्रर्र असा आवाज करायची. तो आवाज आला की वस्तीतली पोरं भाकरीचा घास टाकून धावायची.

ऊन तापलं की लोखंडात मुरलेला गूळ जागा व्हायचा. जळक्या काकवीचा वास, त्यात शेवाळाचा, त्यात नानाच्या घामाचा. मुंग्यांची एक अख्खी पलटण आमच्याबरोबर तळं फिरून यायची आणि काठाला लागलं की रांगेत उतरून आपापल्या घरी जायची. पावसाळ्यातल्या एका दुपारी आम्ही सतरा पोरं, दोन शेळ्या आणि एक पाहुणा त्या काहिलीत होतो. पाहुणा लठ्ठ होता. हे मी जसंच्या तसं सांगतोय.

काहिलीला पुढचं-मागचं नसतं. नाना बांबूनं रेटायचा आणि ती गरगर फिरत पुढं जायची. त्यामुळं आम्हाला तळं कधी एका बाजूनं दिसलंच नाही. दौलताबादचा किल्ला यायचा, जायचा, मग पाळ, मग वस्तीतला धूर, मग लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्या, मग पुन्हा किल्ला. आम्ही आपले मांडी घालून बसलेले, आणि सगळा मुलूख आमच्याभोवती फेर धरून चाललेला. अजूनही मला काही सुखाचं आठवायचं म्हटलं तर ते सरळ आठवत नाही, फिरत येतं.

आणि नाना सांगत असायचा. त्याच्या हातात माइक नव्हता, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बैल मान वर करायचे. तळ्याच्या मधोमध पाण्यातून बुडबुडे यायचे, तिथं आलो की तो बांबू उचलून धरायचा. "खाली किल्ल्याचा बोगदा उघडतो. त्यात कोण्या राजाचा हत्ती अडकलाय. पुढं सरकता येत नाय, मागं फिरता येत नाय. त्यो श्वास टाकतोय."

आक्का काहिलीचा काठ धरून विचारायची, "नाना, खातो काय त्यो?"

"गाळ खातो. म्हणून तर तळं दरसाल खोल होतं."

ह्याला म्हणतात खोटं. त्यात हिशेब होता, भूगोल होता, आणि अडकलेल्या जीवाची कणव होती. त्या हत्तीसाठी आक्का आपल्या वाटणीची अर्धी भाकरी पाण्यात टाकायची. ती मासे खायचे आणि मासे आम्ही खायचो, त्यामुळं घराचं नुकसान असं काही होत नव्हतं.

रंग तेव्हाही होते तळ्याला, पण ते सगळे एकदम अंगावर चढवून बसायचं नाही. पावसानंतर मुरमाचं लाल पाणी, चहात दूध कमी पडल्यासारखं. दिवाळीपर्यंत गाळ खाली बसायचा आणि हिरवं व्हायचं. थंडीत पहाटे त्याच्यातून वाफ निघायची, बदकांची डोकी तेवढी वाफेवर तरंगायची, धडं कुठं ठेवून आलीत कळायचं नाही. उन्हाळ्यात पाणी आत आत सरायचं, आणि उघड्या पडलेल्या गाळात वस्ती वाळकं लावायची. ती काकडीसारखी वाळकं वेलावरून तोडून गुडघ्यावर फोडायची आणि तिथंच खायची. पिकल्या वाळकाचा आणि तडकलेल्या चिखलाचा मिळून एक वास असतो. तो आता जगात कुठंही नाही. मी शोधलाय. बाजार हुंगत फिरणारा म्हातारा म्हणून भाजीवाले मला ओळखतात.

पाणी शुद्ध होतं असं मात्र कुणी म्हणू नये. म्हशी त्यात दिवसभर बसायच्या आणि म्हशी जे करतात ते सगळं तिथंच करायच्या. तरी आम्ही हातानं शेवाळ बाजूला सारून तेच प्यायचो. ती घाण ओळखीची होती. तिला चारा-पाण्याचा इतिहास होता. ह्या गुलाबी घाणीला आई-बाप नाही.

आत्या लासूर स्टेशनहून यायची तो दिवस मला सगळ्यात जवळून आठवतो. तिथल्या मोंढ्यात ती मिरच्या निवडायची, त्यामुळं तिच्या लुगड्याजवळ उभं राहिलं की शिंका यायच्या. आम्ही शिंकत शिंकत तिच्या मागनं पायऱ्यांपर्यंत जायचो. ती पदर खोचायची, एकेक पायरी उतरायची. मग सगळे चिडीचूप. ती ओंजळ भरायची, कोपरावरून पाणी गळायचं, काकणं किणकिणायची. आणि घशातून एक आवाज यायचा, गुटुक. तो आवाज ऐकला की पाळीवर उभा असलेला नाना म्हणायचा, "आली गं माझी बहीण." त्याच्या आधी ती आलेलीच नसायची. तोवर ती वाटेवरची कुणी बाई.

"बारक्या," आक्कानं मला ढोसलं. मी साठीचा झालोय, नातवंडं आहेत, पण तिला मी बारक्याच. "बारक्या, तिकडं बघ."

फिरोजी पाण्यातून भसाभस बुडबुडे येत होते. खाली कसला तरी पंप बसवला होता, त्याची नळी दिसत होती. गाईडनं माइकमधून काही सांगितलंही, पण आक्काचं लक्ष नव्हतं. ती बुडबुड्यांकडं बघत होती.

"हत्ती जिता हाय रे."

"ह्या वासात कुठला जिता राहतोय," मी म्हणालो. "त्यानंच सोंड नाकाला लावून घेतली असंल."

ती हसली नाही. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून तिनं प्रवासातली उरलेली चपाती काढली, अर्धी मोडली आणि पाण्यात टाकली. मासे आले नाहीत. चपाती फिरोजी होत होत गेली.

बोट दोरी ओलांडून गुलाबी पट्ट्यात शिरली. आक्का उठून उभी राहिली. "दादा," तिनं गाईडला हाक मारली, "हितं दगडी पायऱ्या होत्या. कुठं गेल्या?"

"पायऱ्या नायत हितं, मावशी." त्यानं जरा विचार केला. "त्या पाण्यातल्या दुसऱ्या मोठ्या डॉल्फिनच्या मागं बोट खालनं घासती, तिथं दगडं हायत कायतरी. पण तिकडं न्यायची मनाई हाय."

आता वेळ आली हे मी ओळखलं. "राहू दे आक्का, तळं तेच, पाणी तेच," असं म्हणत मी पाठ तिच्याकडं केली, पिशवी मांडीवर घेतली, बोटीच्या कडेवरून इतका वाकलो की नव्या जोडप्यातल्या नवरीनं माझं जाकीट धरलं. तांब्याचं झाकण काढलं, बूड पाण्यात बुचकळलं, डुबुक असा आवाज तोंडानं केला, आणि दमल्यासारखा वर आलो. "हं, धर ओंजळ."

आक्कानं ओंजळ धरली. मी ओतलं. तिनं ओंजळीकडं पाहिलं, मग बोटीच्या बाहेर पाहिलं, मग माझ्याकडं.

सगळ्या तळ्याला तीन रंग. माझ्या तांब्यातलं पाणी काचेसारखं नितळ, आणि तिच्या हाताच्या सगळ्या रेघा त्यातून मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. रात्रभर मी ह्या बेतावर विचार केला होता. झाकणाचा केला, टॉवेलाचा केला, डुबुकचाही केला. रंगाचा केला नव्हता.

"बारक्या," ती म्हणाली, "गुलाबी तळ्यातनं पांढरं पाणी काढलंस. तू नानाच्या वरचा निघालास."

"वरचा थर तसा असतो," मी म्हणालो. "खाली खाली रंग असतो."

"नानाचं खोटं ऐकून पोट भरायचं रं. तुझं ऐकून तहान बी जात नाय." तिनं ओंजळ बोटीबाहेर सोडली. मग माझ्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणीही हळूहळू तळ्यात ओतलं, आजारी माणसाच्या तोंडात घालावं तसं. "पी बाबा," ती पाण्याला म्हणाली. "किती दिवसानं चांगलं मिळालं असंल."

"आक्का, डॉक्टरनं उकळून प्यायला सांगितलंय."

"मग तळं उकळतोस का?"

ती खाली बसली, बाही वर सारली आणि हात बाहेर काढला. तेवढ्यात गाईडची नजर गेली. त्यानं माइकमधूनच सांगितलं, आणि बोटीवरच्या भोंग्यातून, काठावरच्या भोंग्यातून, सगळीकडून एकदम आवाज आला.

"पाण्याला हात लावायचा नाय."

पलीकडच्या टेकडीवरून तो परत आला. हात लावायचा नाय.

आक्काचा हात पाण्याच्या वीतभर वर थांबला. कुटुंबातल्या पोरांचं वेफर्स खाणं थांबलं. हे वाक्य मी आजाच्या तोंडून ऐकलं होतं. तो ते सांगताना आवाज बदलायचा, ज्यानं त्याला म्हटलं होतं त्याचा काढायचा. मला वाटायचं, तो आवाज आजाबरोबर गेला.

"काय म्हणलास?" आक्का म्हणाली.

"हात लावायचा नाय मावशी. नियम हाय."

"कुणाचा?"

"मालकाचा."

"तळ्याला मालक कवापासून आला?"

गाईडनं माइक खाली घेतला. "अवो, रंग लागतो. लोकं हात घालतेत, मग खाज सुटली म्हणून माझ्या नावानं वरडतेत. तुमच्या भल्याचंच सांगायलाव."

"मग तसं सांग ना. रंग लागतो म्हण, खाज सुटंल म्हण. घाण हाय म्हण, मी ऐकून घेते. हात लावू नको म्हणू नको. ते माझ्या आजाला म्हणायचे. ह्याच पाण्यावर."

त्यानं गॉगल काढला. गॉगलाखालचे डोळे साधे होते, झोप कमी झालेले. "कुठल्या तुमी?"

"ह्या पाळीमागच्या वस्तीतली. तू?"

"कन्नडकडचा." मग तो हळू म्हणाला, "आमच्याकडं तळ्याच्या जागी विहीर होती."

त्यानं माइकचं बटण बंद केलं आणि बोट वळवली. वेफर्सवाल्या गृहस्थानं विचारलं, तिकडं मनाई आहे ना. गाईड म्हणाला, "स्पेशल पॉइंट हाय, सर. बसा."

डॉल्फिनच्या मागं वास आणखी दाट होता, हातानं बाजूला सारावा असा. कसलातरी तेलकट पापुद्रा, पिशव्या, फुगून पांढरा झालेला एक मासा, लहान मुलाचं लंगोट. मी डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा खालून आवाज आला, खर्रर्र.

बोटीचं बूड दगडावर घासलं. एक पायरी, मग दुसरी. फायबरचं बूड आणि काळा दगड, पण आवाज तोच, काहिलीचा. तळव्यांतून पोटरीत चढला. आक्कानं माझा हात धरला. मी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर डॉल्फिन दिसला असता. त्या आवाजापुरता वास गेला, भोंगे गेले, लोखंडात मुरलेला गूळ तेवढा राहिला. मग बोट थांबली आणि वास परत आला.

"पिऊ नका मावशी," गाईड म्हणाला. "हात घाला पाहिजे तर. मी रोज हितं असतो, पर तोंडाला लावत नाय."

आक्कानं दोन्ही हात घातले. शेवाळ बाजूला सारायची जुनी सवय, तशी तिनं पिशवी बाजूला सारली, तेलाचा पापुद्रा सारला, आणि ओंजळ वर घेतली. गुलाबी पाणी कोपरावरून गळत होतं. मी म्हणालो, आक्का. एवढंच म्हणालो. तिनं ओंजळ तोंडाला लावली.

मी कान दिले. पाळीवर उभा राहून नाना द्यायचा तसे. पहिल्यांदा तिचं सगळं तोंड गोळा झालं, कपाळ, भुवया, गाल, सगळं नाकाशी येऊन थांबलं. मग, अगदी बारीक, गुटुक.

आणि लगेच तिनं उरलेलं सगळं बोटीबाहेर थुंकलं. असं थुंकलं की नव्या नवऱ्यानं पाय वर घेतले. पुन्हा थुंकली. पदरानं जीभ पुसली.

"घाण हाय," ती म्हणाली. "लई घाण हाय. ह्याच्यापरीस म्हशी बऱ्या होत्या."

"गेलं का खाली?" मी विचारलं.

"गेलं. एक घोट गेला."

मला बोलायचं होतं. नाना जाऊन किती वर्षं झाली, त्याच्यामागं ते वाक्य माझ्याकडं आलं होतं, आणि मी ते कधी वापरलं नव्हतं. आता म्हणालो.

"आली गं माझी बहीण."

आक्कानं मान हलवली, आणि भोपळ्याचं जाकीट काढून त्याला पुन्हा मांडीवर घेतलं.

ओंजळ मीही घेतली. मी तीन प्यालो, असं मी सगळ्यांना सांगतो. आक्का म्हणते, मिशा भिजवल्या आणि शर्टाला पुसल्या. ज्याला जे धरायचं ते धरावं. परतताना गाईडनं माइक सुरू केला नाही. धक्क्याला लागल्यावर त्यानं आक्काला हात दिला, आणि तिनं विचारलं, "पुढच्या साली हाइस ना रं हितं?"

"हाय की."

"मग येते."

घरी उंबऱ्याशी आमची मंडळी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिनं आम्हा दोघांचे ओठ पाहिले, तांबूस-गुलाबी, जत्रेत गोळा खाल्लेल्या पोरांसारखे. वास आला असणार. ती दोन पावलं मागं सरली. "वन्सं, आधी हात धुवा, तोंड धुवा. साबण तिथं हाय."

"जेवल्यावर," आक्का म्हणाली आणि आत गेली.

पाटावर बसून तिनं गरम भाकरी मोडली. पांढऱ्या ज्वारीवर तिच्या चारी बोटांचे गुलाबी ठसे उमटले. मी ताटावरून तोंड फिरवलं. आक्कानं ठशांचा तो तुकडा पिठल्यात बुडवला आणि सगळ्यात आधी खाल्ला.